मुंगीचा पहारा

दुपारी जेवणं आटोपल्यावर त्या बालवर्गाच्या खिडकीखालून कुणी गेलं असतं, तर आत खोलीभर पोरं आहेत हे त्याला शपथेवर सांगूनही पटलं नसतं. शेजारच्या वर्गात त्याच वेळी 'बाई, यानं माझी उशी घेतली', 'बाई, हिला शू आली' असा बाजार भरलेला असायचा. आणि इकडे? टाचणी पडली तरी दचकायला व्हावं.

ही किमया कुलूपबाईंची. खरं नाव हजेरीपुरतं. सगळे ओळखायचे ते याच नावानं, आणि ते पडलं होतं दारामुळे. सकाळी पोरं आत आली की बाई आतून कडी घालत आणि आईबापांना उंबऱ्यापलीकडूनच वाटेला लावत.

"बाई, जरा पाच मिनिटं आत बसू का? रडतोय तो."

"तुम्ही बसलात तर तो पाच वर्षं रडेल. निघा."

खट्. कडी.

आतली पोरं म्हणाल तर नाना घरांची. कुणाचे आईबाप इथलेच, कुणाचे समुद्रापलीकडून आलेले, कुणाची आई घरी एक भाषा बोलते आणि बाप दुसरी. संध्याकाळी न्यायला आलेली माणसं फाटकापाशी उभी राहिली की भाषांचं नुसतं कडबोळं व्हायचं. पण कुलूपबाईंचा हिशोब सरळ होता. "घरचं घरी, शाळेचं शाळेत. माझ्याकडे सगळी मुलं एका मापाची." दुपारी सगळ्यांनी उजव्या कुशीवर वळायचं, तोंड भिंतीकडे, हात गालाखाली. कुजबुजणाऱ्यांची पांगापांग करायची, एक या भिंतीला तर दुसरा त्या. आणि झोप.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. धाकट्या भावंडांना मांडीवर घेऊन झोपवण्यात त्यांचं बालपण गेलं आणि परक्यांच्या पोरांना झोपवण्यात तारुण्य. औषधाच्या दुकानात कामाला असलेल्या त्यांच्या बहिणीबरोबर त्या राहायच्या, आणि ती बहीण मोठी वाह्यात. "ताई, खरं सांग, तू पोरांना झोपवतेस की बेशुद्ध करतेस? माझ्या दुकानातून काही नेत तर नाहीस ना?" बाई हसायच्या. मनातून सुखावायच्या. दुसऱ्या शाळांतल्या बायका त्यांची दुपार बघायला येत. आयुष्यात जिचा अभिमान धरावा अशी ती एकच गोष्ट त्यांच्यापाशी होती.

तर अशा या वर्गात मुंगी आली.

मुंगी हे मदतनीस मावशींनी ठेवलेलं नाव. पोरगी चार वर्षांची, किरकोळ अंगाची, आणि सतत काही ना काही उचलून जागच्या जागी नेणारी. सांडलेला खडू, कुणाचा बूट, कुणाची पाण्याची बाटली. बोलणं जवळजवळ नाहीच. घरात वेगळी भाषा, इथली तिला अडखळत यायची. बाप काचेच्या कारखान्यात रात्रपाळीला. सकाळी तिथूनच घरी जाऊन तिला घेऊन यायचा, डोळे लालभडक, अंगाला जळक्या धुराचा वास. सगळे त्याला काचवाला म्हणत.

पहिल्याच दिवशी त्यानं उंबऱ्यात पाय घातला. "बाई, एक सांगायचं होतं. दुपारी ही..."

"ते आमच्यावर सोडा."

"नाही, झोपायच्या वेळेला तिला..."

"अहो, झोपेचं मला सांगता?" मावशी मागे फिस्सकन हसल्या. काचवाला पण कसनुसं हसला. खट्. कडी.

मुंगी रडली नाही. दुपारी सांगितल्याबरोबर उजव्या कुशीवर वळली. फक्त डोळे मिटेनात. बाईंनी आठवडाभर पाहिलं, मग म्हणाल्या, "असू दे. त्रास तर देत नाही." आणि तिथेच विषय संपला.

ज्या दिवशी तो प्रकार झाला त्या दिवशी वर्गाचे पडदे धुवायला गेले होते. खिडक्या उघड्याबोडक्या, ऊन थेट गाद्यांवर. मावशींची दाढ ठणकत होती म्हणून त्या आल्या नव्हत्या. पोरं झोपली, आणि तेवढ्यात मोरीतला नळ गळायला लागला. गळायला म्हणजे धो धो. बाईंनी एकवार खोलीवर नजर फिरवली, सगळं शांत, आणि त्या नळ बघायला गेल्या. चकती फिरवा, फडकं बांधा, बादली लावा, यात थोडा वेळ गेला. फार नाही.

हात पुसत त्या दारात आल्या आणि उभ्याच्या उभ्या राहिल्या.

ओळीनं गाद्या. प्रत्येक गादीवर एक पोर, आता भिंतीकडे नाही, पाठीवर, सरळ. आणि प्रत्येकाच्या तोंडावर पांढरा रुमाल. जेवल्यावर तोंडं पुसायचे ते चौकोनी रुमाल, खुंट्यांवरून काढलेले, कपाळापासून हनुवटीपर्यंत नीट पसरलेले. उन्हात ते इतके पांढरे दिसत होते की बघवेना. कुणी हलत नव्हतं. आवाज नव्हता. हीच ती शांतता, जी बघायला लोक यायचे.

मध्ये मुंगी उभी होती. हातात शेवटचा रुमाल. वाकून ती तो एका मुलीच्या चेहऱ्यावर घालत होती, आई घालेल इतक्या हळुवार.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. माणसाचं तोंड असं कधी झाकतात हे सांगायला कुठला देश लागत नाही. पाय उचलायला त्यांना किती वेळ लागला कुणास ठाऊक, पण तेवढ्यात खिडकीच्या काचेवर काहीतरी आपटलं. बाहेर जुळ्यांची आई उभी होती. ही वकील. मुलींना दातांच्या डॉक्टरकडे न्यायचं म्हणून लवकर आलेली. काचेला दोन्ही तळवे टेकवून ती आत बघत होती, आणि तिचा चेहरा त्या रुमालांसारखा झाला होता. मुंगी ज्या चेहऱ्यावर रुमाल घालत होती, तो तिच्या धाकटीचा होता.

मग काय झालं ते बाईंना पुढे धड आठवेना. त्या गाद्यांवरून धावल्या. रुमाल ओढून काढले. पोरं जागी झाली, बाईंचा चेहरा पाहून भेदरली आणि एका सुरात रडू लागली. सगळी धडधाकट. गाल गरम, नाकं वाहती, एकाला घाम आलेला. बाईंनी प्रत्येकाच्या छातीवर हात ठेवला. दोनदा ठेवला. मुंगी भिंतीला चिकटून उभी होती आणि गोळा झालेल्या रुमालांकडे बघत होती, बाईंनीच काहीतरी भयंकर केल्यासारखी.

संध्याकाळपर्यंत गोष्ट फाटकाबाहेर पोचली, आणि रात्रीपर्यंत ती वाढून दुप्पट झाली.

"मेल्यामेल्याचा खेळ खेळत होती म्हणे."

"खेळ कसला, दाबत होती असं ऐकलं मी."

"ती माणसं वेगळीच आहेत. दिवसा त्यांच्या घराची खिडकी कधी उघडी पाहिलीत? माझा नवरा त्याच रस्त्यानं जातो. कागद चिकटवलेत, जाड."

"चार वर्षांची पोर. घरात काय काय बघत असेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकेच्या, खोलीत जुळ्यांची आई बसली होती. तिनं आवाज चढवला नाही. वकिलांचं तेच वाईट.

"मी भांडायला आलेली नाही. ती मुलगी राहणार असेल तर माझ्या दोघी जातील. आणि मी एकटी नाहीये, हे तुम्हाला माहीत आहे."

मोठ्या बाईंनी कुलूपबाईंकडे पाहिलं. "त्या काचवाल्याला आजचा दिवस मुलीला घरी ठेवायला सांगितलंय. नाव कमी करायचं, ते तुम्हीच सांगा त्याला. तुमचा वर्ग आहे."

कुलूपबाई मान खाली घालून उभ्या होत्या. रात्रभर त्यांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि त्याचं कारण रुमाल नव्हते. आदल्या संध्याकाळी बाप यायच्या आधी त्यांनी मुंगीला मांडीवर घेऊन विचारलं होतं.

"असं तोंड झाकलेलं तू कुणाचं पाहिलंस गं?"

मुंगीनं बोटांवर मोजत सांगितलं, "बाबाचं. आईचं. काकाचं. काकूचं."

"कधी?"

"रोज."

'रोज' म्हणताना ती जराही अडखळली नव्हती.

"मोठ्या बाई," कुलूपबाई म्हणाल्या, "नाव कमी करायच्या आधी मी एकदा त्यांच्या घरी जाऊन येते."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "तुम्ही? कुणाच्या घरी?" एवढ्या वर्षांत बाई एकाही पोराच्या घरी गेल्या नव्हत्या. त्याचंही त्यांना कौतुकच होतं.

"काहीतरी आहे त्या घरात. बघून येते, मग काढा."

खरं सांगायचं तर बाई त्या घराला पकडायलाच निघाल्या होत्या.

कारखान्याच्या धुराड्यामागे कामगारांच्या खोल्यांची ओळ होती. दुपारचं लख्ख ऊन, आणि एका खोलीच्या खिडक्या आतून कागदानं बंद. दाराशी पायरीवर एक म्हातारा बसलेला. डोळे उघडे, पण बघत कुठेच नव्हते. बाईंच्या चपलांचा आवाज ऐकून त्यानं दारावर हळूच नखानं टकटक केलं. दार फटीएवढं उघडलं आणि आतून मुंगी बाहेर डोकावली. बाईंना पाहून ती चकित वगैरे झाली नाही. ओठांवर बोट ठेवलं आणि हात धरून आत घेतलं.

आत अंधार. डोळे सरावले तसं दिसायला लागलं. जमिनीवर ओळीनं चार माणसं, पाठीवर, सरळ. पावलं उघडी. चेहऱ्यांवर काळी फडकी.

बाई मागे सरल्या. भिंतीला धरून त्या कशाबशा बसल्या. धावत बाहेर पडावं, पोरीला उचलून न्यावं, लोकांना बोलवावं, सगळं एकदम सुचलं आणि एकही गोष्ट हातून होईना. मग पलीकडच्या टोकाच्या माणसानं एका पायाच्या अंगठ्यानं दुसरी पोटरी खाजवली आणि तो मोठ्यानं घोरला.

बाईंचा जबडा उघडाच राहिला.

मुंगी चवड्यांवर चालत त्या ओळीतून गेली. घोरणाऱ्याचं फडकं सरकलं होतं, ते तिनं परत डोळ्यांवर ओढलं. जवळून बाईंना दिसलं की फडकं घडी घालून डोळ्यांवर ठेवलेलं असतं आणि नाक मोकळं. मुंगी परत येऊन दाराशी बसली. म्हाताऱ्यानं बाहेरून त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं, तिनं कुजबुजत उत्तर दिलं. परत शांतता.

बाई किती वेळ तशा बसल्या होत्या ते त्यांनाच कळलं नाही. मधला माणूस कुशीवर वळला, फडकं पडलं, आणि डोळे किलकिले करत काचवाला उठून बसला. समोर कुलूपबाई. आता घाबरायची वेळ त्याची होती.

"बाई? काय झालं? माझी पोर..."

"मुंगी ठीक आहे. बाहेर या."

पायरीवर, म्हाताऱ्याच्या बाजूला, दोघं दबक्या आवाजात बोलली.

"भट्टीसमोर उभं राहिलं की डोळे भाजतात," काचवाला म्हणाला. "मग दिवसाचा उजेड सुईसारखा टोचतो. फडकं नसलं तर झोप कसली. आणि भोंगा वाजला तर कुणीतरी उठवायला हवं. भट्टीवर काही झालं तर बोलावतात आम्हाला, कधीही. भोंगा आजोबा ऐकतात. पण त्यांचे डोळे गेले भट्टीत, म्हणून बघायचं काम हिचं. घरात माणसं झोपली की एकानं जागं राहायचं, ही आमची रीत. तिचा पहारा. शाळा असली की तेवढा वेळ आजोबा एकटेच निभावतात."

बाईंनी मग रुमालांचं सांगितलं.

काचवाला ऐकत होता. मग त्यानं तोंडावर हात ठेवला. "अख्ख्या तोंडावर? लहान पोरांच्या?" तो पायरीवर बसला होता तो आणखी खाली सरकला. "बाई, कुणाला काही झालं असतं तर." म्हाताऱ्यानं विचारलं तेव्हा त्यानं त्यांच्या भाषेत सांगितलं.

"पण शाळेत तिला पहारा कुणी दिला?" बाई म्हणाल्या. "मी असते ना जागी. रोज असते."

काचवाल्यानं त्यांच्याकडे पाहिलं. लाल डोळ्यांत राग नव्हता, नवल होतं. "तुम्ही तिच्याकडून घेतलात?"

"काय घेतलं?"

"पहारा. तेच सांगायला आलो होतो पहिल्या दिवशी. तिच्याकडून घेतल्याशिवाय ती झोपणार नाही, असं. तुम्ही म्हणालात, आमच्यावर सोडा. मग सोडलं."

बाईंना चपराक बसल्यासारखं झालं. "म्हणजे इतके दिवस ती..."

"सगळ्यांना राखत असणार. दुसरं काय."

"आणि तो घ्यायचा कसा?"

"भट्टीवर घेतो तसा. जाणारा सांगतो, काय काय बघितलं. येणाऱ्यानं नुसती मान हलवून चालत नाही, तेच परत म्हणून दाखवावं लागतं. चुकला तर पुन्हा. बरोबर म्हटलं की 'माझ्याकडे' म्हणायचं. तोवर पहिल्यानं जागचं हलायचं नाही. भट्टी एकदा थंड पडली तर आतली काच थिजते, सगळं फुटतं. म्हणून."

बाई उठल्या. पदर झटकला, दोन पावलं गेल्या आणि परत आल्या. "उद्या दुपारी शाळेत या. तुमची झोप मोडेल, पण या."

"दारापर्यंत?"

"आत."

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंचा पारा चढला होता. "नाव कमी करायला पाठवलं तर तुम्ही माणसंच आत घेऊन आलात?" कारण काचवाल्याशिवाय जुळ्यांची आईही वर्गात होती. कुलूपबाईंनी स्वतः तिला गाठलं होतं. "निकाल द्यायच्या आधी दुसरी बाजू ऐकतात ना तुमच्यात? मग या." वकीलबाई आल्या होत्या, पण दोन्ही मुलींच्या मधोमध उभ्या, हाताची घडी घालून.

पडदे परत लागले होते. पोरं उजव्या कुशीवर. शांतता अशी, की बघत राहावं. रुमाल बाईंनी कपाटात बंद केले होते. मुंगी आपल्या गादीवर, डोळे टक्क उघडे.

काचवाला तिच्यापाशी उकिडवा बसला आणि त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला. मुंगी उठून बसली. मग त्यानं कुलूपबाईंकडे बोट केलं. मुंगीनं बाईंना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. त्या नजरेत फारसा विश्वास नव्हता. तरी ती बोलायला लागली, हळू, एकेका गादीकडे बोट करत. शाळेत तिला एवढं बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. काचवाला एकेक वाक्य इथल्या भाषेत सांगू लागला, आणि मग मध्येच थांबला.

"सांगा ना," बाई म्हणाल्या.

"बाई, ती म्हणते, हा झोपलेला नाही."

"कोण?"

"हा. पाय घासतोय म्हणजे जागा आहे. आणि ही जागी आहे, खोटी झोपते. तो उशीचा कोपरा चोखतो आणि बाईंची पावलं ऐकली की सोडतो. त्या कोपऱ्यातला रोज रडतो. आवाज न करता."

कोपऱ्यातल्या पोराची पाठ ताठ झाली.

कुलूपबाईंना वाटलं, जमीन सरकतेय. त्यांनी खोलीभर पाहिलं. भिंतीकडे वळलेली तोंडं, गालांखालचे हात. मिटलेल्या पापण्या, आणि आता नीट बघितलं तर दिसत होतं, किती पापण्या फडफडत होत्या. हीच का ती दुपार? याच्यासाठी लोक लांबून यायचे?

"आणखी," काचवाला ओशाळून म्हणाला, "या दोघी कधीच झोपत नाहीत. ही या भिंतीला, ती त्या भिंतीला. बाई गेल्या की वळतात आणि एकमेकींकडे बघत राहतात. परवा ऊन यांच्या डोळ्यांवर येत होतं."

घडी घातलेले हात सुटले. "कुठल्या दोघी?" जुळ्यांच्या आईनं विचारलं, आणि विचारतानाच तिला कळलं. "पण घरी तर एकमेकींचा कान धरून झोपतात. लगेच झोपतात. बाई, तुम्ही यांना वेगळं ठेवलंत?"

"कुजबुजत होत्या."

"मग मला विचारायचंत."

मोठ्या बाई दारात उभ्या होत्या, वकीलबाई समोर, काचवाला खाली बसलेला, आणि मुंगी वाट बघत होती. कुणालाही हे आताच्या आता थांबवता आलं असतं. बाईंना तर नक्कीच. "हा काय पोरखेळ" म्हणून टाळी वाजवायची, काचवाल्याला दाराबाहेर काढायचं. मुंगीचं नाव जाईल, जुळ्या राहतील, आणि बाईंची दुपार जशीच्या तशी राहील.

बाई मुंगीसमोर खाली बसल्या. मांडी घालून. आणि सगळ्यांदेखत म्हणायला लागल्या.

"हा पाय घासतोय, तो जागा आहे. ही खोटी झोपते. तो उशीचा कोपरा चोखतो."

मुंगीनं मान हलवली. नाही. काहीतरी राहिलं होतं.

"पावलं ऐकली की सोडतो," काचवाल्यानं हळूच आठवण करून दिली.

"माझी पावलं ऐकली की सोडतो." बाईंनी पुढे सांगितलं. "कोपऱ्यातला रोज रडतो. आवाज न करता. या दोघी..." त्या थांबल्या. मुंगी त्यांच्याकडे बघत होती. "या दोघी झोपत नाहीत. मी त्यांना लांब ठेवलं म्हणून."

शेवटचं मुंगीनं सांगितलेलं नव्हतं. तिनं बापाकडे पाहिलं, जास्तीचं चालतं का म्हणून. त्यानं हो म्हटलं.

"माझ्याकडे," कुलूपबाई म्हणाल्या.

मुंगीनं एकदा सगळ्या गाद्यांवरून नजर फिरवली, आडवी झाली, आणि दिवा मालवावा तशी झोपली. हात कुठे, तोंड कुठे, पालथी. इतक्या दिवसांची झोप एकदम आली तिला.

मग मोठ्या बाई पुढे येऊन कुजबुजल्या, "बाई, हे बाहेर गेलं तर काय सांगायचं आपण?"

"बाहेरचेच आत बसलेत मोठ्या बाई. सांगायला उरलंय कोण?"

जुळ्यांच्या आईनं चपला काढल्या. एका मुलीची गादी धरून ती खोलीच्या पलीकडे ओढत नेली, तिच्या बहिणीच्या गादीला लावली. दोघींनी डोळे उघडले, आईला पाहून त्यांचा विश्वास बसेना, आणि मग एकीनं दुसरीचा कान धरला. आई त्यांच्या शेजारी भिंतीला टेकून बसली.

"ते नाव कमी करायचं," ती मोठ्या बाईंकडे न बघता म्हणाली, "राहू द्या. पण बाई, रुमाल कपाटातच. कुलूप लावून."

"लावलंय."

"त्यात तुम्ही तरबेज." ती पहिल्यांदा किंचित हसली.

काचवाला निघाला. दारात त्याला कुलूपबाईंनी थांबवलं. "त्या कोपऱ्यातल्याचे आईवडील तुमच्या बाजूला राहतात ना? त्यांना म्हणावं, संध्याकाळी जरा आत या. घरी त्याला कसं झोपवतात ते विचारायचंय."

"त्यांची भाषा आम्हाला पण येत नाही, बाई."

"मग दाखवतील."

तो गेला. बाई कोपऱ्यातल्या पोरापाशी जाऊन बसल्या आणि काय करावं ते न कळून नुसत्याच बसून राहिल्या. थोड्या वेळानं त्यानं भिंतीकडून तोंड फिरवलं आणि बाईंच्या साडीचं टोक मुठीत धरलं.

मुंगी उठली तेव्हा बाकीची पोरं अजून उठायची होती. केस विस्कटलेले, गालावर गादीची नक्षी. ती सरळ बाईंपाशी आली आणि समोर उभी राहिली, हात मागे बांधून.

"काय बघितलं?" तिनं विचारलं.

कुलूपबाई क्षणभर गांगरल्या. मग त्यांना कळलं. त्यांनी आवाज खाली आणला.

"पाय घासणारा झोपला. खोटं झोपणारी अजून खोटीच झोपलीय. हा रडला, थोडंसं, मग झोपला. या दोघी झोपल्या, आणि त्यांची आई पण झोपली, ती बघ, तोंड उघडं आहे. मोठ्या बाई जाग्या आहेत. रागावल्यात माझ्यावर."

मुंगीनं ते सगळं परत म्हटलं, अडखळत, इथल्या भाषेत. रागावल्याचं सोडून दिलं.

"ते राहिलं," बाई म्हणाल्या.

"मोठ्या बाई रागावल्या," मुंगी म्हणाली. "माझ्याकडे."